चित्र परदेशी संग्रहालयात निघालंय, सोबत काय काय लिहून द्यायचं?

प्रश्न: मी अमूर्त चित्रकार आहे. आजवर खासगी गॅलऱ्यांमध्ये प्रदर्शनं झाली. आता पहिल्यांदाच परदेशातल्या एका संग्रहालयाने समूह-प्रदर्शनासाठी माझी तीन चित्रं मागितली आहेत. उद्घाटनाला सात महिने आहेत. एक तैलचित्र आहे, उंची १८० आणि रुंदी २४० सेंमी, पॅलेट नाईफने जाड रंग लावलेलं, चार महिन्यांपूर्वी पुरं झालेलं. दुसरं ॲक्रिलिक, १२० × १२० सेंमी, त्यात फ्लुओरोसंट गुलाबी बराच आहे. तिसरं दोन कॅनव्हासचं जोडचित्र, प्रत्येक भाग १५० × १०० सेंमी. त्यांनी लोन ॲग्रीमेंटचा, म्हणजे चित्रं तात्पुरती उसनी नेण्याच्या कराराचा, मसुदा पाठवलाय, विम्यासाठी किंमत विचारलीय आणि ‘मांडणीच्या सूचना’ मागितल्यात. करारात काय बघायचं? मोठं चित्र गुंडाळून पाठवलं तर चालेल का? एक मित्र म्हणतो, जाण्याआधी व्हार्निश मारून घे. आणि मांडणीच्या सूचनांत मी काय लिहिणार? चित्र त्यांनी पाहूनच निवडलंय ना!

उत्तर: शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण खरी मेख तिथे आहे. चित्र पाहून निवडलं ते क्युरेटरने. पेटी उघडणारे, चित्र तपासून नोंद करणारे, भिंतीवर चढवणारे आणि दिवे लावणारे लोक वेगळे असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी तुमचं चित्र आधी कधीच पाहिलेलं नसतं. व्यक्तिचित्राच्या नाकावर भेग पडली तर ती कुणालाही दिसते. तुमच्या चित्रातला ओघळ मुद्दाम सोडलाय की प्रवासात काही सांडलंय, कोपऱ्यातला कॅनव्हास उघडा ठेवलाय की तिथला रंग उडालाय, हे चित्राकडे कितीही वेळ बघून त्यांना कळणार नाही. ते तुम्हीच लिहून द्यायचं. पुढे पॅकिंग असो, विमा असो की करार असो, प्रत्येक ठिकाणी हाच मुद्दा आडवा येणार आहे.

आधी वरची बाजू कुठली ते ठरवून टाकू. १९६१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फ्रेंच चित्रकार मातीस यांचं ‘ल बातो’ हे कागद कापून केलेलं चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. त्यात तर शिडाची नाव आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब आहे, तरी ही गत. डच अमूर्त चित्रकार मोंद्रियान यांचं ‘न्यूयॉर्क सिटी १’ हे रंगीत चिकटपट्ट्यांचं चित्र अनेक दशकं उलटं टांगलं गेलं असावं, असं २०२२ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयातल्या क्युरेटरने दाखवून दिलं. चित्रावर सही नव्हती. आता ते सुलटं करायचीही सोय उरलेली नाही. पट्ट्या आधीच सैल झालेल्या, फिरवल्यावर ताण उलट दिशेने आला तर त्या सुटतील, म्हणून ते आहे तसंच ठेवायचं ठरलं.

तेव्हा प्रत्येक चित्राच्या मागे, स्ट्रेचरच्या (कॅनव्हास ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीच्या) वरच्या पट्टीवर, बाण आणि ‘वर’ असं त्या संग्रहालयाला कळेल अशा भाषेत लिहा. कॅनव्हासच्या पाठीवर मार्कर चालवू नका. शाई धाग्यांतून पुढच्या बाजूला फुटू शकते. लेबल लावायचं ते स्ट्रेचरवर किंवा मागच्या बोर्डवर: नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, आणि उंची × रुंदी × जाडी याच क्रमाने मापं. शीर्षक नसलेली चित्रं असतील तर प्रत्येकाला स्वतःचा नोंदणी क्रमांक द्याच. एकाच वर्षातली दोन ‘शीर्षकहीन’ चित्रं कागदोपत्री एकच होऊन बसतात आणि कस्टम्सच्या टेबलावर त्याचा भारी घोळ होतो.

जोडचित्राच्या बाबतीत डावं-उजवं लिहिताना जपा. लेबल मागे असतं, आणि मागून बघताना डावी बाजू उजवीकडे जाते. नुसतं ‘डावा’ लिहिलंत की निम्मे लोक उलट अर्थ घेणार. ‘समोरून पाहताना डावा’ असं पूर्ण लिहा आणि दोन्ही भाग जोडून काढलेला फोटो सूचनांमध्ये चिकटवा. मधलं अंतर मिलिमीटरमध्ये सांगा. दोन्ही भाग चिकटलेले हवे असतील तरी २ मिमी सोडायला सांगा, नाहीतर टांगताना कडांवरचा रंग एकमेकांवर घासला जातो.

मांडणीच्या सूचना म्हणजे चित्रकाराचा हट्ट, असा एक समज आहे. तो डोक्यातून काढून टाका. लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत १९६१ साली अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रॉथको यांचं प्रदर्शन झालं, तेव्हा त्यांनी लेखी सूचना दिल्या होत्या: भिंती पांढऱ्याफटक नकोत, रंगात थोडी लाल ऊब हवी, प्रकाश जोराचा नको, मोठी चित्रं जमिनीच्या जितकी जवळ टांगता येतील तितकी टांगा, शक्यतो सहा इंचांपेक्षा वर नको. यात कुठे तत्त्वज्ञान नाही. रंग, प्रकाश आणि इंच, एवढंच. सूचना अशाच असाव्यात.

तुमच्या १८० सेंमी उंचीच्या चित्राचंच गणित करा. बरीच संग्रहालयं चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५५ सेंमीवर धरतात. मध्य १५० वर आला तर चित्राची खालची कड जमिनीपासून ६० सेंमी वर राहते. बघणाऱ्याला चित्रात पाऊल टाकल्यासारखं वाटावं अशी तुमची इच्छा असेल तर ६० सेंमीने ते साधणार नाही. मग ‘खालची कड जमिनीपासून २५ सेंमी’ असं सरळ लिहा. फ्रेम हवी की नको, कडांवर आलेला रंग चित्राचाच भाग आहे का, शेजारच्या चित्रापासून किमान किती मोकळी भिंत हवी, तेही लिहा. जाड रंगाच्या चित्रात दिव्याचा कोन फार महत्त्वाचा असतो. एकाच बाजूने तिरका झोत टाकला की नाईफच्या प्रत्येक कंगोऱ्याची सावली पडते आणि चित्र डोंगराळ दिसायला लागतं. समोरून पसरट प्रकाश टाकला की तेच चित्र रंगांचं होतं. तुम्हाला यातलं कुठलं हवंय, हे दिवे लावणाऱ्याने ठरवू नये.

आता तो फ्लुओरोसंट गुलाबी. तीन चित्रांत मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते, आणि तुम्ही मात्र त्याबद्दल काहीच विचारलेलं नाही. साध्या तैल आणि ॲक्रिलिक चित्रांना संग्रहालयं साधारण २०० लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश देतात. फ्लुओरोसंट रंग त्या गटात बसत नाहीत. ते फार लवकर उडतात, म्हणून त्यांच्यासाठी कागदावरच्या जलरंगांसारखी ५० लक्सची मर्यादा मागायची. लोन फॉर्मवर ‘ॲक्रिलिक ऑन कॅनव्हास’ एवढंच लिहिलंत तर चित्र २०० लक्सखालीच जाणार, त्यात त्यांची काहीच चूक नसेल. हिशेब सोपा आहे: २०० लक्सखाली एक महिना आणि ५० लक्सखाली चार महिने, नुकसान सारखंच. अतिनील किरण गाळायलाही सांगा. त्याने चमक जाईल अशी भीती नको. हे रंग दृश्य प्रकाशातल्या निळ्या भागानेही उजळतात.

रॉथको यांचीच हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली मोठी चित्रं १९६४ मध्ये मोठ्या खिडक्यांच्या जेवणाच्या दालनात लागली. त्यातला लिथॉल रेड हा लाल रंग उजेडात टिकत नाही. रंग इतका उतरला की १९७९ पर्यंत ती काढून ठेवावी लागली. २०१४ मध्ये हार्वर्डने ती पुन्हा दाखवली, पण गेलेला रंग प्रोजेक्टरच्या प्रकाशाने भरून काढून. तुमच्याकडे त्याच ट्यूबमधला किंवा डब्यातला गुलाबी उरला असेल तर आजच कॅनव्हासच्या तुकड्यावर त्याचा एक पट्टा ओढा, वाळवा, तारीख टाका आणि अंधाऱ्या पाकिटात ठेवून द्या. चित्र परत आल्यावर शेजारी धरून बघायला दुसरं खात्रीचं माप तुमच्याकडे नसेल. स्क्रीनवरच्या फोटोवर फ्लुओरोसंट रंग कधीच खरा येत नाही.

कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या आजच्या स्थितीची नोंद, तुम्ही स्वतः आधी करा, संग्रहालय करेल म्हणून वाट पाहू नका. बाहेर पडताना, तिथे पोचल्यावर, तिथून निघताना आणि घरी परतल्यावर, अशी किमान चार वेळा चित्राची तपासणी होते आणि प्रत्येक वेळी आधीच्या नोंदीशी ताडून बघतात. पहिली नोंदच मोघम असेल तर पुढच्या तिन्ही फुकट. खोलीत अंधार करून एकच दिवा चित्राच्या जवळजवळ समांतर धरा आणि फोटो काढा. एकदा डावीकडून, एकदा वरून. या तिरक्या प्रकाशात सैल पडलेला कॅनव्हास, स्ट्रेचरच्या पट्टीची उमटलेली रेघ, बारीक भेगा, सगळं उघडं पडतं. मग साध्या प्रकाशात पूर्ण समोरून, पूर्ण मागून, चारही कडा, चारही कोपरे. शेजारी कलर कार्ड आणि मोजपट्टी ठेवा.

शब्दांत लिहिताना जागा मापाने द्या: ‘डाव्या कडेपासून १२, खालून ४७ सेंमी, काळ्या थराखालून गेलेला ३ सेंमी लांबीचा ओघळ, मूळचा, मुद्दाम ठेवलेला.’ शेवटचे शब्द तुमच्याशिवाय कुणीच लिहू शकत नाही. रंगात अडकलेला ब्रशचा केस, नाईफने खरवडलेली जागा, एका भागात मंद आणि दुसऱ्या भागात चकचकीत पृष्ठभाग, वाळताना आलेल्या आणि तुम्ही राहू दिलेल्या सुरकुत्या, हे सगळं नोंदवा. नाहीतर एखादा मन लावून काम करणारा कॉन्झर्व्हेटर (चित्रांची निगा-दुरुस्ती करणारा) तो केस चिमट्याने काढेल आणि ते काम त्याने चांगल्या हेतूनेच केलेलं असेल.

व्हार्निशबद्दल: मारू नका. चार महिन्यांच्या जाड तैलरंगावर तर मुळीच नको. पातळ थरांच्या तैलचित्रालाही सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. नाईफच्या जाड थराला वरून साय धरते आणि आतला रंग वर्षानुवर्षं मऊ राहू शकतो. अशा थरावर व्हार्निश मारलं की ते रंगातच मुरतं आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर सोबत रंगही निघतो. शिवाय व्हार्निशने सगळा पृष्ठभाग एकाच चकाकीचा होईल. अमूर्त चित्रात मंद आणि चकचकीत यांचा खेळ हा रचनेचाच भाग असतो, तो एका दुपारी पुसला जाईल.

जास्त निकडीचा प्रश्न असा की हे चित्र प्रवासाच्या लायकीचं वाळलंय का? कडेजवळचा सगळ्यात जाड कंगोरा बघा आणि लाकडी टूथपिकच्या टोकाने हलकेच दाबा. खळगा पडला तर आतला रंग ओला आहे. उद्घाटनाच्या महिना-दोन महिने आधी चित्र निघेल असं धरलं तरी तेव्हा त्याला जेमतेम नऊ-दहा महिने झालेले असतील. संग्रहालयाच्या रजिस्ट्रारला, म्हणजे चित्रांची ने-आण आणि कागदपत्रं सांभाळणाऱ्याला, हे आजच कळवा: वरून कोरडं, आतून मऊ, समोरच्या बाजूला कशाचाही स्पर्श नको. ही माहिती कमीपणाची नाही, त्यावर त्यांचं पॅकिंग ठरतं. त्यांना ते जोखमीचं वाटलं आणि तुमच्याकडे त्याच मालिकेतलं दोन-तीन वर्षांपूर्वीचं चित्र असेल तर ते सुचवा. मी तुमच्या जागी असते तर जुनंच पाठवलं असतं. झिंक व्हाइट भरपूर वापरला असेल तर तेही लिहा, कारण त्याचा थर काही वर्षांत ठिसूळ होऊन सुटू लागतो आणि हादऱ्याला तोच आधी दगा देतो.

आणखी एक गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवा. ताजा तैलरंग अंधारात बंद राहिला की जवसाचं तेल पिवळं पडतं. पेटी उघडल्यावर पांढरे भाग मळकट, पिवळसर दिसले तर घाबरून कुणी सफाईला लागू नये; काही आठवडे उजेडात राहिलं की हा पिवळेपणा बराचसा उतरतो.

गुंडाळून पाठवायचं? नाही. पातळ रंगाचा कॅनव्हास निरुपायाने गुंडाळतात, तोही रंग बाहेरच्या बाजूला ठेवून आणि मोठ्या व्यासाच्या नळीवर. आत वळलेला रंग दाबला जातो आणि कंगोरे फुटतात, म्हणून बाहेर. तुमच्या जाड थराला कुठलीही नळी चालणार नाही. उघडताना तो कॅनव्हासपासून सुटेल.

तेव्हा स्ट्रेचरसकट, उभं. पॅकिंगच्या आधी मागची बाजू नीट करून घ्या. स्ट्रेचरच्या कोपऱ्यांतल्या, कॅनव्हास ताणायच्या पाचरी हातोडीने ठोकू नका. त्या निसटणार नाहीत अशा बांधून घ्या. सुटलेली पाचर प्रवासात कॅनव्हास आणि खालच्या पट्टीच्या मध्ये जाऊन बसते आणि पुढे फुगवटा येतो. मागे ४-५ मिमी जाडीचा नालीदार प्लास्टिकचा बोर्ड स्क्रूने लावा. कॅनव्हास ट्रकमध्ये ढोलाच्या कातड्यासारखा थरथरतो. मागे कोंडलेली हवा ती थरथर कमी करते. स्टेपल मारू नका, ठोकण्याचे हादरे रंगालाच बसतात. टांगण्यासाठी डी-रिंग, म्हणजे इंग्रजी D च्या आकाराच्या धातूच्या कड्या, लावा. टोकाला गोल कडी असलेले स्क्रू आणि तार काढून टाका, संग्रहालयं चित्र तारेवर टांगत नाहीत आणि मोकळी तार वाटेत कॅनव्हासला घासते.

समोरच्या बाजूला काहीच टेकता कामा नये. बबल रॅपचे गोळे ॲक्रिलिकवर कायमचे उमटतात, कारण ॲक्रिलिक घरातल्या तापमानालाही किंचित मऊच असतं. ग्लासिन हा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदसुद्धा त्याला चिकटतो. उपाय म्हणजे प्रवासी चौकट: चित्राभोवती त्याच्या जाडीपेक्षा खोल लाकडी चौकट, चित्र मागून धातूच्या पट्ट्यांनी तिला स्क्रूने धरलेलं, आणि सगळ्यात उंच कंगोऱ्यापासून झाकणापर्यंत किमान २५ मिमी मोकळी जागा. आवरणाचा प्लास्टिक कागद चौकटीवर ताणायचा, चित्रावर नाही. ही चौकट मग क्रेटमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या लाकडी पेटीत, जाते. आतून सगळीकडे ५० मिमी पॉलिएथिलीन फोम, झाकणाला रबरी गॅस्केट, आणि झाकण खिळ्यांनी नव्हे तर बोल्टने बंद, कारण तेच क्रेट परतीलाही वापरायचं आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला उघडण्याचा आणि पुन्हा भरण्याचा क्रम फोटोंसकट चिकटवा. उघडणारे आणि तीन-चार महिन्यांनी भरणारे बहुधा वेगळे असतील.

लाकडाचा नियम विसरू नका. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या पेट्यांना आयएसपीएम १५ हा नियम लागतो: भरीव लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं आणि त्यावर तसा शिक्का असलेलं हवं. प्लायवुडला हा नियम लागत नाही, पण क्रेटच्या पट्ट्या आणि पायातले ठोकळे भरीव लाकडाचे असतात. शिक्का नसेल तर पेटी बंदरात किंवा विमानतळावर अडते, धूर दिला जातो किंवा माल परत येतो.

मोठ्या चित्राची खरी अडचण विमानाची आहे. प्रवासी विमानाच्या पोटात साधारण १६० सेंमी उंचीपर्यंतचीच पेटी उभी राहते. तुमच्या १८० सेंमी चित्राचं क्रेट २०० च्या पुढे जाणार. म्हणजे एक तर मालवाहू विमान लागेल किंवा पेटी तिरकी, आधारावर बांधून न्यावी लागेल. जाड आणि अजून मऊ असलेल्या रंगाला आडवं किंवा तिरकं ठेवणं धोक्याचं, म्हणून करारातच ‘उभी वाहतूक’ असं लिहून घ्या आणि कुठल्या विमानाने नेणार ते विचारा. खर्च वाढेल आणि काही वेळा याच कारणाने संग्रहालय लहान चित्र मागतं. ते आता कळलेलं बरं. जोडचित्राचे दोन्ही भाग एकाच क्रेटमध्ये वेगवेगळ्या खाचांत जावेत. ॲक्रिलिकसाठी हवामान-नियंत्रित वाहतूक मागा. तापमान १० अंशांच्या खाली उतरलं की तो थर कडक होतो, आणखी उतरलं तर ठिसूळ. मग साध्या धक्क्यानेही तडकतो. तिथे पोचल्यावर क्रेट बंदच ठेवून २४ तास खोलीत मुरू द्यायचं, मगच उघडायचं.

आता करार. पहिल्यांदा बघायचं ते करार नेमका कुणाशी आहे. चित्र घेणारा पक्ष खुद्द संग्रहालय असावा. संग्रहालयाच्या इमारतीतला हॉल भाड्याने घेऊन भरवलेलं प्रदर्शन हे संग्रहालयाचं प्रदर्शन नव्हे, आणि सहभागासाठी तुमच्याकडून शुल्क मागणारं निमंत्रण आलं तर ते विनासंकोच नाकारा. निमंत्रित प्रदर्शनात वाहतूक, पॅकिंग, विमा, कस्टम्स आणि परतीचा खर्च सहसा घेणाऱ्याचा असतो. तुमच्या मसुद्यात ‘क्रेट कोण करणार’ आणि ‘परतीचा खर्च कोणाचा’ या दोन ओळी शोधा. मोघमपणा असतो तो तिथेच. चित्रकाराचं मानधन आहे का, तेही विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

विमा ‘नेल टू नेल’ हवा, म्हणजे तुमच्या भिंतीवरून चित्र उतरल्यापासून पुन्हा तिथे लागेपर्यंत. किंमत ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ म्हणून आधीच ठरलेली असू द्या. ती तुमच्या अलीकडच्या विक्रीच्या पावत्यांना धरून सांगा. फुगवून सांगितलेला आकडा दाव्याच्या वेळी सिद्ध करता येत नाही, आणि विम्याच्या कागदावर एक, कस्टम्सच्या कागदावर दुसरी किंमत असली की दोन्हीकडे तुम्ही खोटे ठरता. जोडचित्रासाठी ‘पेअर अँड सेट’ची अट मागा. नाहीतर एक भाग खराब झाल्यावर कंपनी अर्धी किंमत पुढे करेल आणि उरलेला अर्धा तुमच्या काहीच उपयोगाचा नसेल. दुरुस्तीनंतर चित्राचं मोल घटतं, त्या घटीचीही भरपाई पॉलिसीत असावी. काही देशांत खासगी विम्याऐवजी सरकारी हमी असते. ती चालते, पण हमीपत्राची प्रत घ्या आणि कशाला हमी नाही ते वाचा. चित्रातल्याच दोषाने, म्हणजे न वाळलेल्या किंवा सुटणाऱ्या रंगाने झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसींतून वगळलेलं असतं. मऊ रंगाबद्दल आधी लेखी कळवा म्हटलं, त्याचं हेही एक कारण.

मुदत वाढवायची किंवा प्रदर्शन दुसऱ्या गावी न्यायचं तर तुमची लेखी परवानगी लागेल, हे कलम हवंच. सफाई, दुरुस्ती, फ्रेम लावणं-काढणं तुमच्या संमतीशिवाय नको. आणीबाणीत पडझड थांबवण्यापुरती सूट द्या. दमटपणा ४० ते ६० टक्के आणि तापमान १६ ते २५ अंश ही मर्यादा आज अनेक मोठी संग्रहालयं मान्य करतात, तेवढी मागणं रास्त आहे. कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. कॅटलॉग, प्रसिद्धी, वेबसाइट आणि शैक्षणिक वापरासाठी छायाचित्रांची परवानगी द्या, पण चित्र छापलेले कॉफीचे मग, पिशव्या, पोस्टकार्डं यांसाठी वेगळा करार. श्रेयाची ओळ तुम्हीच लिहून द्या आणि शीर्षकाचं स्पेलिंग स्वतः तपासा. कॅटलॉगमध्ये एकदा चुकलेलं शीर्षक पुढे वर्षानुवर्षं तसंच उतरवलं जातं. चित्रासोबतचा मजकूर मागितला तर सत्तर-ऐंशी शब्दांत थांबा आणि त्यात साहित्य-पद्धत सांगा: किती थर, कशाने लावले, काय खरवडलं. भावार्थापेक्षा प्रेक्षकाला त्याचा जास्त उपयोग होतो.

कस्टम्ससाठी बहुधा एटीए कार्नेट (माल शुल्क न भरता तात्पुरता परदेशी नेऊन परत आणण्याचं कागदपत्र) किंवा तात्पुरत्या आयातीची सोय वापरली जाईल. कार्नेटची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. प्रदर्शन चार महिन्यांचं असलं तरी आधीचा प्रवास, मांडणी, परतीची वाट धरून तारखा मोजा, आणि दुसरं ठिकाण जोडलं जाणार असेल तर आताच विचारा. यादीतलं वर्णन, माप, संख्या चित्राच्या लेबलशी तंतोतंत जुळली पाहिजे. जोडचित्र ‘एक चित्र, दोन भाग’ असं लिहा, म्हणजे ‘यादीत एक, पेटीत दोन’ असा आक्षेप निघणार नाही. जाताना आणि येताना प्रत्येक सीमेवर कार्नेटवर शिक्का पडायला हवा. राहिलेला एक शिक्का म्हणजे माल परत आलाच नाही असा अर्थ, आणि मग शुल्काची नोटीस. तिथे कुणी चित्र विकत मागितलं तर तोंडी होकारही देऊ नका. तात्पुरतं आलेलं चित्र तिथेच विकलं की आयात शुल्क आणि कर उभे राहतात. खरेदीदाराचा पत्ता घ्या आणि चित्र परतल्यावर व्यवहार करा.

सात महिन्यांत हे सगळं बसतं, पण या आठवड्यात दोन पत्रं जाऊ द्या: मोठ्या चित्राचा न वाळलेला रंग आणि त्याच्या क्रेटची उंची, आणि गुलाबीसाठी ५० लक्स. बाकी कागद त्यामागून सावकाश करता येतील. मांडणीच्या वेळी तुम्हाला बोलावत असतील तर उद्घाटनाच्या नव्हे, टांगणीच्या दिवसांत जा. दिवे आणि अंतरं तेव्हाच बदलता येतात. जाता येणार नसेल तर भिंतीवर चढल्यावर, दिवे पक्के करण्याआधी, फोटो किंवा व्हिडिओ कॉल मागा.

परत आल्यावरही क्रेट २४ तास बंद राहू द्या. मग पहिल्या कंडिशन रिपोर्टचे फोटो हातात घेऊन, त्याच तिरक्या दिव्याखाली, पुढून आणि मागून तपासा. काही वेगळं दिसलं तर कुठेही हात न लावता फोटो काढा आणि त्याच दिवशी संग्रहालयाला व वाहतूक कंपनीला लेखी कळवा; पॉलिसीत यासाठी ठरावीक दिवसच दिलेले असतात. गाडीवाला घाई करत असेल तर पावतीवर ‘तपासणी बाकी’ असं लिहूनच सही करा. क्रेट आणि फोमही लगेच मोडीत काढू नका, कारण दावा झाला तर विम्याचा सर्व्हेअर चित्राबरोबर तेही बघायला मागतो.